दोरा जाईनासा होतो तेव्हा

"मान सरळ. हनुवटी खाली. अंहं, एवढी नको, जरा वर. बास! आता हलायचं नाही. श्वाससुद्धा मला विचारून घ्यायचा."

एवढं म्हणून काका बटण दाबायचे, आणि तासाभरानं समोरचा भला माणूस पाकीट उघडून बघायचा तर आतले आठच्या आठ जण पोलिसांना हवे असल्यासारखे. कुणी कुरकुर केलीच, तर काका चष्मा कपाळावर चढवून शांतपणे विचारायचे, "फॉर्मवर चिकटवायचाय की भिंतीवर टांगायचाय?"  माणूस पाकीट खिशात घालून निघून जायचा. छत्तीस वर्षं अख्ख्या गावाच्या ओळखपत्रांवर हेच चाललं होतं. त्यामुळे काकांचं खरं नाव पाटीवरच्या रंगाबरोबर उडून गेलं आणि उरलं ते हनुवटीकाका.

स्टुडिओला एक खिडकी होती. ती काकांनी पहिल्याच वर्षी काळ्या पडद्यानं बुजवून टाकली. "ऊन म्हणजे आगाऊ पाहुणा," असं त्यांचं मत. "बोलावलं की येत नाही, आलं की हलत नाही, आणि सगळ्या घरात पाय पसरतं." त्यापेक्षा आपले दोन दिवे बरे. उभं राहा म्हटलं की उभे राहतात, वाक म्हटलं की वाकतात.

आणि हाच माणूस रविवारी पहाटे उठून, गळ्यात कॅमेरा, खांद्यावर त्याचं तीन पायांचं तिकाटणं आणि खिशात उजेड मोजायचं मीटर घेऊन त्याच आगाऊ पाहुण्याच्या मागे रानोमाळ धावायचा! नदी, शेतं, झाडं, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे गावामागचा डोंगर. काकू म्हणायच्या, "मी काही बोलत नाही." काकूंनी असं म्हटलं की समजावं, आता पाऊण तास निघाला. "मी काही बोलत नाही, पण आठवडाभर सूर्याच्या तोंडावर दार आपटायचं आणि रविवारी त्याच्या पाया पडायला जायचं, याला काय म्हणतात ते मला सांगा. मी काही बोलत नाही."

काकांचे रविवारचे नियम पक्के होते. सूर्य उगवल्यावर पहिला तास आणि मावळण्याआधी शेवटचा तास, एवढंच ऊन फोटोच्या लायकीचं. तेव्हा ते आडवं येतं, गवताच्या पात्यापात्याला सावली देतं, खडकाला गाल आणि कपाळ देतं. दुपारचं ऊन म्हणजे डोक्यावर मारलेली टपली. त्या उन्हात डोंगरसुद्धा पासपोर्टसाठी बसल्यासारखा दिसतो. आणि पासपोर्टचं दुःख काकांइतकं कुणाला कळणार? पहाटे थंडीत तिकाटण्याजवळ उकिडवे बसून ते डोंगरालाही सांगायचे, "जरा हनुवटी खाली घे बाबा. हं. हलू नकोस." डोंगर मात्र शहाण्या गिऱ्हाइकासारखा कधी हलला नाही.

तर अशा काकांना एका सोमवारी सकाळी ताईनं बोलावून घेतलं.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. अकरा वर्षांनी थोरली. आई गेली तेव्हा काका चार वर्षांचे होते आणि ताई पंधराची. वडील रस्त्याच्या कामावर दूर दूर असायचे, महिन्यातून दोनदा घरी यायचे आणि आले की झोपायचे. ताईनं शिवणाचं मशीन खिडकीपाशी ओढलं आणि त्या दिवसापासून काकांना वाढवलं. कापलं, शिवलं, जिथं उसवलं तिथं पुन्हा टाके घातले. पुढे तिचं लग्न झालं, नवरा याच घरात राहायला आला, मुलगी झाली, नवरा गेला, मुलगी मोठी होऊन शहरात गेली. पण मशीन त्याच घरात त्याच खिडकीपाशी राहिलं. आणि काका त्रेसष्ट वर्षांचे झाले तरी ताईच्या तोंडी बाळ्याच राहिले.

"बाळ्या, चप्पल बाहेर."

"बाहेरच काढलीय गं."

"मग पाय एवढे वाजवत का येतोस?"

घरात खोक्यांचा ढीग होता. ताईची मुलगी, म्हणजे काकांची भाची, चिकटपट्टी घेऊन एकेका खोक्याचं तोंड बंद करत होती. महिन्यापूर्वी ताई न्हाणीत पडली होती. हाड मोडलं नाही, पण दीड तास तशीच पडून राहिली, शेजारणीनं हाक ऐकली तेव्हा कुठे उठली. त्यावर भाचीनं एका दमात निर्णय घेतला. ती बोलायचीच तशी, ऑफिसातल्या फोनसारखी. "मामा, फायनल झालंय. रविवारी सकाळी दहाला गाडी. आई माझ्याकडे. बारावा मजला, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. डन."

"बाराव्या मजल्यावरून काय दिसतं?" काकांनी विचारलं.

"समोरच्या बिल्डिंगचा बारावा मजला," भाची म्हणाली आणि पट्टी दातांनी तोडली.

ताई खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाळ्या, साठ वर्षं मी या खिडकीशी बसले. खिडकी काही उचलून नेता येत नाही. मला तेवढा आपला डोंगर दे."

"म्हणजे फोटो?"

"नाही, उपटून दे! फोटोच रे. एवढा फोटोवाला भाऊ आहे माझा. मशीनसमोर लावीन तिकडे."

काकांचा ऊर एवढा भरून आला की चष्म्यावर वाफ धरली. सबंध आयुष्यात ताईनं त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. कधी साडी दिली तर "कशाला रे", पंखा आणला तर "खिडकी आहे की". द्यायचं सगळं तिनं दिलं होतं आणि घ्यायची वेळ आली की तिच्या तोंडाला कुलूप. आता पहिल्यांदा काहीतरी मागितलं, आणि तेही नेमकं काकांच्या हातातलं. काका म्हणाले, "एवढंच ना? डोंगराचे तर माझ्याकडे तीनशे फोटो आहेत."

त्याच दुपारी ते सगळ्यांत देखणा निवडून, मोठा छापून घेऊन आले. पहाटेचा होता. सूर्य डोंगराच्या मागून वर येतोय, किरणं पंख्यासारखी पसरलीत आणि पुढे काळाशार डोंगर. या फोटोसाठी काका तेरा रविवार गेले होते.

ताईनं फोटो हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब. "छान आहे. पण हा डोंगर कुठंय? हा तर पालथा घातलेला तवा."

"अगं, सूर्य मागे आहे ना. त्यामुळे पुढचं सगळं काळं येतं."

"मग सूर्याला म्हणावं, पुढे ये."

मंगळवारी सूर्य पुढे आला. काका संध्याकाळी पुलावर जाऊन उभे राहिले. मावळतीचं ऊन डोंगराच्या तोंडावर पडलं, गवत पेटल्यासारखं झालं, आणि काकांनी जीव ओतून फोटो काढला. बुधवारी सकाळी ताईपुढे ठेवला.

"अगं बाई! कावीळ झालीय याला. डॉक्टरला दाखवलंस का?"

भाची खोक्याआडून खुदकन हसली. काकांचा चेहरा त्यांच्याच गिऱ्हाइकांसारखा झाला.

मग धुक्यातला झाला. त्यासाठी काका भल्या सकाळी नदीकाठी गारठत बसले होते. त्यावर ताई म्हणाली, "हे दूध चांगलं आहे, पण मी डोंगर मागितला होता." मग ढगांच्या सावल्या अंगावरून सरकत असतानाचा. त्यावर म्हणाली, "याला नायटा का झालाय?" शेवटी गुरुवारी काकांनी नाक मुठीत धरून भर दुपारी बारा वाजता, सगळे नियम मोडून, एक फोटो काढला. एकही सावली नाही, एकही सुरकुती नाही, आठातल्या एखाद्या पासपोर्ट फोटोसारखा डोंगर.

ताईनं तो बराच वेळ पाहिला. काकांना वाटलं, जमलं.

"ओळखू येतोय," ती म्हणाली. "फॉर्मवर लाव."

आणि मग, फोटो खाली ठेवता ठेवता, चेष्टा सोडून हळूच म्हणाली, "राहू दे रे बाळ्या. नको दमूस. नसेल येत फोटोत."

हे मात्र काकांना लागलं. कावीळ चालली असती, नायटा चालला असता. "राहू दे" नको होतं. ताई पुन्हा तोंडाला कुलूप घालायला निघाली होती. रविवारी ती जाणार, बाराव्या मजल्यावर कोऱ्या भिंतीसमोर बसणार, आणि लोक विचारतील तेव्हा म्हणणार की माझा भाऊ फोटोवाला आहे. मग भिंत कोरी का, असं कुणी विचारलं तर?

घरी येऊन काका न जेवता बसले. काकू म्हणाल्या, "मी काही बोलत नाही." काकांनी मान खाली घातली. पण काकू त्या दिवशी खरंच फारसं बोलल्या नाहीत. ताट पुढे सरकवून एवढंच म्हणाल्या, "सगळीकडून काढलात. नदीवरून, पुलावरून, पलीकडच्या शेतातून. ताई बसतात कुठे?"

काका तोंडात घास घालायचा विसरले.

तिथून त्यांनी कधीच फोटो काढला नव्हता! कारण तिथून काढण्यासारखं काही नव्हतं. समोर शेजाऱ्याच्या गोठ्याचे गंजके पत्रे, विजेच्या तारा, वर वाळत घातलेले कपडे. छत्तीस वर्षांत एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं की ताईचा डोंगर म्हणजे खिडकीतला डोंगर. हे म्हणजे गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं आणि फोटो रस्त्यावरच्या माणसाचा काढायचा, त्यातली गत.

शुक्रवारी दुपारी तीन वाजताच ते तिकाटणं घेऊन ताईकडे हजर झाले. खिडकीत उभे राहिले, कॅमेऱ्यातून पाहिलं. पत्रे, तारा, कपडे. पुन्हा पाहिलं. पत्रे, तारा, कपडे आणि एक लाल बादली.

"उभा काय राहतोस घोड्यासारखा?" ताई म्हणाली. "मी काय उभ्यानं शिवायचे?"

तिनं आपलं बुटकं स्टूल पायानं पुढे ढकललं. काका त्यावर बसले, गुडघे कानाशी आले. आणि खाली बसल्याबरोबर खिडकीच्या चौकटीनं पत्रे पोटात घेतले, तारा वर निघून गेल्या, बादली गायब झाली. मधल्या दोन गजांच्या बरोबर मध्ये, दुसरं काही नाही, नुसता डोंगर.

"अरेच्चा," काका म्हणाले.

"आता कळलं, आम्ही बसून काय बघत होतो?"

"काढू?"

"आत्ता काय काढतोस? आत्ता मी कुठे वर बघायची? आत्ता काम असायचं."

"मग कधी बघायचीस?"

ताईनं टोपलीतून एक सुई काढली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं आणि एका झटक्यात दोरा आरपार घातला. "काजं, बटणं, हातशिलाई हे सगळं मी दिवस उतरायला लागल्यावर करायची. दोरा संपला की नवा घालायचा. घालता घालता एक वेळ अशी यायची की दोरा जाईनासा व्हायचा. दोनदा ओला करा, पीळ द्या, जातच नाही. म्हणजे उजेड संपला. मग मान वर करायची. त्या वेळचा डोंगर."

काकांनी खिशातलं मीटर काढलं आणि बघितलं, मग पुन्हा खिशात घातलं. त्यात सुईच्या भोकाचं माप नव्हतं.

"पण तेव्हा तू पंधरा वर्षांची. आताच्या डोळ्यांनी वेळ तीच कशी राहील?"

"डोळे म्हातारे होत गेले तशी मी सुई मोठी घेत गेले. दर पाच-सात वर्षांनी एक नंबर वर. वेळ तीच ठेवली." हे तिनं असं सांगितलं की जणू सगळी दुनिया असंच करते.

दोघं बसून राहिले. काका स्टुलावर, ताई खाटेच्या कडेला. ऊन डोंगराच्या पायथ्यापासून वर वर चढलं, कावीळ झाली, कावीळ गेली. शेवटचा पिवळा ठिपका शेंड्यावरून उडाला. आजवर काका नेमके याच क्षणी कॅमेरा पिशवीत भरून घरी निघायचे. खेळ खलास, पाहुणा गेला. त्यामुळे पुढे काय होतं ते त्यांनी नीट कधी पाहिलंच नव्हतं.

सूर्य घरामागे बुडाला होता, पण मागचं आभाळ अजून उजळ होतं आणि त्याचा मऊ, कुठूनच न येणारा उजेड डोंगरावर पसरला होता. सावल्या मिटल्या. पिवळं गवत राखाडी झालं, मग निळं, मग काळपट. खडक गवतात विरघळले. आणि ताईच्या हातातली सुई दुसऱ्यांदा चुकली, तेव्हा त्या काळपट अंगावर एक बारीक पांढरी रेघ वर आली. दिवसा गवताच्या रंगात हरवलेली, उन्हात सावल्यांनी तोडलेली. पांढरट मातीची जुनी पायवाट, शेंड्याखालच्या खिंडीतून नागमोडी उतरत थेट खिडकीपर्यंत.

"ही वाट," काका म्हणाले. "माझ्या शाळेची."

शाळा डोंगरापलीकडे होती. सुटल्यावर खेळून, भांडून, चिंचा पाडून ते खिंडीतून या वाटेनं घरी यायचे. हल्ली डोंगराला वळसा घालून सडक गेली होती, वाटेनं कुणी जात नव्हतं.

"त्या वेळी रोज एक ठिपका दिसायचा तिथं," ताई म्हणाली. "दोरा जाईनासा झाला की मी मान वर करून ठिपका शोधायची. दिसला की जिवात जीव. मग दिवा लावायची आणि आधण ठेवायची."

काका एकदम स्टुलावरून वळले. "ताई, तुला एक सांगू? हसू नकोस. त्या वाटेवर मधोमध एक सपाट दगड आहे. त्यावर उडी मारली की घरात दिवा लागतो, असं मला वाटायचं. खरंच! मी रोज उडी मारायचो आणि रोज दिवा लागायचा. दहा वर्षांचा होईपर्यंत मला वाटायचं, दगडात बटण आहे."

ताई हसली नाही. तिनं सुई टोपलीत ठेवली.

"अरे, इतक्या लांबून ठिपका कुणाचा ते मला कसं कळणार? गुराखी असतील, पाखरू असेल. मी वाट बघायची. मध्येच तो ठिपका टुणकन उडायचा. दुसरं कोण उडणार? मग मी दिवा लावायची."

"म्हणजे," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज चार वर्षांच्या पोरासारखा बारीक झाला, "बटण दगडातच होतं की गं!"

भाचीनं चिकटपट्टी खाली ठेवली आणि उगाच स्वयंपाकघरात निघून गेली.

शनिवारी बेत ठरला. कॅमेरा स्टुलाच्या उंचीवर, दोन गजांच्या मध्ये. बटणाला लांब वायर, ती ताईच्या हातात. भाची कॅमेऱ्याशी, कानाला फोन. आणि काका डोंगरावर. ताई आधी "मला नाही बाई जमायचं" म्हणाली. मग वायर हातात घेतली, अंगठ्याखाली बटण चाचपलं आणि म्हणाली, "हे तर काजात बटण घालण्यासारखंच आहे."

काका पन्नास वर्षांनी त्या वाटेनं वर चढले. वाट तीच होती, गुडघे तेवढे बदलले होते. दगड होता तिथंच होता. एक भटकं कुत्रं पायथ्यापासून मागे लागलं होतं, ते शेजारी येऊन बसलं. काकांनी खाली पाहिलं. घरांच्या गर्दीत ताईची खिडकी म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढा काळा चौकोन. फोन वाजला.

"मामा, पोचलात?"

"दगडावर उभा आहे. आभाळ फक्कड आहे! मीटर म्हणतंय, आत्ता. ताईला म्हण, दाब."

मागून ताईचा आवाज आला, "काय म्हणतोय?"

"म्हणतायत, दाब."

"त्याला म्हणावं, गप उभा राहा. अजून जातोय दोरा."

काका गप उभे राहिले. आभाळाचा रंग उतरायला लागला. फोटोवाल्याचा जीव कासावीस झाला. "अगं, काळा येईल सगळा! बरं, असं कर, वरचं चाक एक टिचकी उजवीकडे फिरव, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा राहील."

"डन."

"आता एक सेकंद स्थिर राहावं लागेल मला. विचार तिला, झालं का?"

"आई, झालं का? नाही मामा. अजून जातोय."

"आणखी एक टिचकी. दोन सेकंद झाले. काय शिवतेय ती, अख्खा शामियाना?"

"आई म्हणतेय, ऐकू येतंय मला."

चिलटं काकांच्या कानाशी गुणगुणायला लागली. कुत्र्यानं त्यांच्या पोटरीला अंग घासलं. आणखी एक टिचकी, चार सेकंद. छत्तीस वर्षं ज्यांनी सगळ्या गावाला न हलता बसवलं, त्यांना चार सेकंद म्हणजे केवढे ते उभ्या जन्मात पहिल्यांदा कळलं. नाक खाजत होतं. मान अवघडली होती. आपल्या खुर्चीवर बसलेल्या एकूण एक माणसांची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली.

खालची घरं विरघळली. पायाखालची वाट मात्र उजळत गेली, जणू तिनं दिवसभर ऊन साठवून ठेवलं होतं.

फोनमध्ये खुडबुड झाली. मग ताईचा आवाज, अगदी फोनजवळून. तिनं फोन भाचीच्या हातातून घेतला असणार.

"बाळ्या, नाही जात रे दोरा."

"मग दाब."

"हलू नकोस."

"नाही हलत."

"श्वास मला विचारून घे."

काकांनी श्वास धरला. एक. दोन. तीन. चार.

"झालं," ताई म्हणाली. "ये आता घरी."

काकांनी इकडेतिकडे बघितलं. वाटेवर कुत्र्याशिवाय कुणी नव्हतं. मग त्रेसष्ट वर्षांचे हनुवटीकाका, दुखरे गुडघे, गळ्यातला चष्मा आणि हातातल्या फोनसकट, दगडावर टुणकन उडाले. फार नाही, चार बोटं.

खाली पोस्टाच्या तिकिटात दिवा लागला.

रात्रीच्या जेवणाआधी काकांनी फोटो छापला. नियमात बसणारं त्यात काही नव्हतं. किरणं नाहीत, सोनं नाही, आभाळ मळकट, दोन्ही बाजूंना गजांच्या धूसर पट्ट्या. फ्रेमवाल्यानं तो उलटासुलटा करून पाहिला. त्याच्या प्रत्येक वाक्याला एक शेपूट असायचं. "काका, हा डोंगर तर अंधारात गेलाय, काय समजलात? आणि मध्ये हे दोन डाग पडलेत, काय समजलात? म्हणाल तर पुसून देतो."

"हात तर लाव डागांना!" काका असे ओरडले की फ्रेमवाल्याला पहिल्यांदाच समजलं.

रविवारी सकाळी दहाला गाडी दारात उभी होती. खोकी भरली, मशीन चढलं, स्टूल चढलं. ताई मागच्या सीटवर बसली. काकांनी तिच्या मांडीवर फ्रेम ठेवली आणि बाजूला उभे राहिले, निकाल ऐकायला.

ताईनं फोटो हातभर लांब धरला. मग जवळ आणला नाही. तसाच धरून बसली. बोटानं पांढरी रेघ खिंडीपासून खाली आणली आणि मधोमध थांबली.

"हा आपला डोंगर," ती म्हणाली.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. त्या खरंच काही बोलल्या नाहीत.

"हा दुसरा ठिपका कोण?" ताईनं विचारलं.

"कुत्रं आहे."

"तेसुद्धा हललं नाही! शहाणं आहे." मग चष्मा सरळ करून ती पहिल्या ठिपक्याकडे बारीक डोळे करून बघायला लागली. ठिपका तिळाएवढा होता. माणूस आहे की खुंट, तेही परक्याला सांगता आलं नसतं.

"बाळ्या."

"काय गं?"

"हनुवटी वर आलीय तुझी."